इनेसची भवानी

माझ्या घरी परदेशी मुलगी राहायला येणार हे कळल्यावर गिरगावच्या फणसवाडीत निम्म्या लोकांनी माझं अभिनंदन केलं आणि उरलेल्या निम्म्यांनी भाडं किती घेणार ते विचारलं. मी खरा आकडा सांगितला, पंधरा हजार, तर कोणाचा विश्वास बसेना. दुर्गा विजयकर विमा कंपनीत पस्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाली, ती काय पंधरा हजारांवर गप्प बसेल, असं सगळ्यांचं मत. खरं सांगायचं तर मी पंचवीस सांगणार होते. मुलीचा पगार ऐकला आणि जीभ आवरली.

इनेस पेरू देशातली, चिंबोते नावाच्या बंदरगावची. वय एकोणतीस. दादरला एका भाषावर्गात स्पॅनिश शिकवायची आणि सगळी कापाकापी होऊन तिच्या हातात छत्तीस हजार पडायचे. आमच्या वाडीत बँकेत नुकता चिकटलेला पोरगाही याहून जास्त कमावतो. पण तो आईकडे जेवतो, आईकडे झोपतो आणि त्याचे कपडेही आईच धुते. हिला सगळं विकत घ्यायचं होतं.

आमची इमारत जुनी चाळ पाडून बांधलेली, सातव्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या. त्यातली आतली खोली माझ्या लेकीची, स्पृहाची. ती डब्लिनला नोकरीला आहे आणि तिथून मला फोनवर सांगत असते की पगारातला अर्धा भाड्यात जातो. एकीकडे माझी लेक परक्या देशात भाडं भरते आणि दुसरीकडे परक्याची लेक माझ्याकडे भाडं भरते, हे मला पहिल्या दिवसापासून थोडं विचित्र वाटत होतं. अकरा महिन्यांचा करार केला, त्याची नोंदणी केली, परदेशी माणूस ठेवल्याचा सरकारी फॉर्म भरला. फॉर्म भरण्यात मी तरबेज आहे, तेवढं एक काम आयुष्यभर केलंय.

इनेसची अडचण मला पहिल्या महिन्यातच कळली. स्पॅनिश बोलणारी तिची काही मंडळी मुंबईत होती, मोठ्या कंपन्यांतली. दर रविवारी ती परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींतल्या कुठल्यातरी हॉटेलात जमायची. इनेस एकदाच गेली. तिने सूप आणि पाव घेतला होता. शेवटी बिल आलं ते सगळ्यांत सारखं वाटलं गेलं आणि तिच्या वाट्याला अठ्ठावीसशे रुपये आले. तिने हसत दिले आणि घरी येऊन मला सांगितलं की पुढच्या रविवारपासून तिला डोकेदुखी असणार आहे. आणि इकडे वाडीत उलटंच. केळीवाला तिला डझनाचे शंभर सांगायचा, टॅक्सीवाला मीटर बिघडलाय म्हणायचा, आणि उत्सव मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली ती सरळ पाच हजारांची पावती फाडायच्या तयारीने. गोऱ्यांच्यात ती गरीब आणि आमच्यात श्रीमंत. ती काही गोरीही नव्हती, रंग आमच्या स्पृहासारखाच. पण पासपोर्ट परका म्हणजे खिसा गरम, हे आमच्याकडे ठरलेलं.

मंडळाच्या पोरांना तिने काय सांगितलं असेल? मी दाराआड उभी राहून ऐकत होते. ती म्हणाली, पाच हजार नाहीत, दोनशे आहेत, पण रोज संध्याकाळी एक तास मांडवात काम करीन. आणि केलं. दहा दिवस वर्गावरून येऊन प्रसादाच्या वाट्या पुसत बसली. पोरांनी तिला इनेसताई म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

तिच्या मनात एक गोष्ट पक्की होती आणि ती तिने मला एकदा पोळ्या लाटताना सांगितली. पहिले चार महिने तिची आई चिंबोतेहून पैसे पाठवत होती. आई मासळीच्या कारखान्यात कामाला, बाप होडीवर होता, तो आता नाही. पाचव्या महिन्यात इनेसने आईला कळवलं की पुरे. तिने स्वतःशी ठरवलं होतं, अकरा महिन्यांचा करार संपेपर्यंत आपल्या पगारावर राहून दाखवायचं. जमलं तर इथेच राहायचं, आणखी करार करायचा. पुन्हा एकदा जरी आईपुढे हात पसरावा लागला, तर गाशा गुंडाळून परत जायचं. "आई उभी राहून आठ तास मासे कापते," ती म्हणाली. "मी तिच्या पैशांवर मुंबईत राहते, हे बरोबर नाही."

मी तिला म्हटलं, अगं, मग मुंबईत जगायचं शिकावं लागेल. आणि तिला शिकवायचं काम मी अंगावर घेतलं. मला शिकवायची भारी हौस, आणि शिकणारं माणूस घरात नव्हतं.

मी तिला सगळं शिकवलं. भाजी संध्याकाळी सातनंतर घ्यावी. बसचा पास काढावा. कांदे एकदम पाच किलो घ्यावेत. आणि मासे. आमच्या घरात मासे नसले तर जेवण झालं असं वाटत नाही, आणि इनेस तर मासळीवरच वाढलेली. मांदेली पाहून तिला हसूच आलं. म्हणाली, अशाच जातीच्या माशाचं आमच्याकडे पीठ करून कोंबड्यांना घालतात. मी तिला मांदेली कुरकुरीत तळून वाढली. नंतर ती कोंबड्यांबद्दल काही बोलली नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रखमा बसते. शिवडीच्या कोळीवाड्यातली, साठीला टेकलेली, नाकात मोठी नथनी आणि जीभ कोयत्याची. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल उचलते आणि साडेसातला पाटी मांडून बसते. तीस वर्षं मी तिच्याकडून मासे घेतेय आणि तीस वर्षं आमची भांडणं चालू आहेत. भांडणाची रीत ठरलेली. ती वाट्याचे दोनशे म्हणाली की मी शंभर म्हणायचं, मग ती माझ्या सात पिढ्या काढणार, मग मी पिशवी काखेत मारून चालू लागायचं, आणि चार पावलांवर ती हाक मारणार. दीडशेला सौदा. इनेसला मी हेच शिकवलं. निम्मा भाव सांग, ती ओरडली तर घाबरू नको, पाठ फिरव, हाक येतेच. इनेसने वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. लपवली नाही, सुचलीच नाही. मी रखमाकडे जाते ती नऊ-साडेनऊला, तोपर्यंत तिची पाच-सहा गिऱ्हाइकं झालेली असतात. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भवानीच्या वेळी विकणारा अव्वाच्या सव्वा सांगत नाही आणि घेणारा पाठ फिरवत नाही. अगदीच पटलं नाही तर दहा रुपयांची करंदी घ्यावी, पण तसंच निघून जाऊ नये. भवानी मोडली की दिवस मोडला. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. लहानपणी आईचं बोट धरून बाजारात गेलं की अंगात आपोआप येतं. इनेसच्या आईने तिचं बोट धरलं असेल ते वेगळ्या बाजारात.

नवव्या महिन्याच्या शेवटी तिचे वर्ग सकाळी लवकर सुरू झाले. एका मंगळवारी ती पावणेआठला खाली उतरताना मला म्हणाली, आज मासे मीच आणते. रखमाने नुकतीच पाटी मांडलेली. इनेस पहिली. रखमाने मांदेलीच्या वाट्याचे शंभर सांगितले, जे बरोबरच होतं. इनेस पन्नास म्हणाली. रखमा म्हणाली, भवानी हाय, ऐंशी दे. इनेसला भवानी म्हणजे काय ते कळलं नाही. तिने वहीत लिहिल्याप्रमाणे पाठ फिरवली. चार पावलं गेली, सहा गेली, हाक काही आली नाही. तिला बसची घाई होती, ती तशीच गेली.

त्या दिवशी धक्क्यावर मांदेली उदंड आली होती. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी टेम्पोतून निम्म्या भावात विकत होतं. रखमाचा माल पडून राहिला त्याला हे एवढं कारण पुरे होतं, पण बाजाराला असली कारणं पटत नाहीत. एरवी दुपारी एकला घरी जाणारी रखमा संध्याकाळी सहालाही तिथेच, पाटीतला बर्फ वितळलेला, मांदेली मऊ पडलेली. इनेस दादरहून परत आली तेव्हा मी दूध आणायला खाली आले होते, गल्लीच्या तोंडाशीच ती मला भेटली. रखमाने दोघींना हाक मारली.

रखमा ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती ओरडली नाही. तिने इनेसला समोर उभं केलं आणि भवानी मोडणं म्हणजे काय ते शांतपणे समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. इनेसचा चेहरा उतरत गेला. मग रखमाने विचारलं, "तुला हे पाठ फिरवायचं कोनी शिकवलं गो?"

मी इनेसच्या शेजारी उभी होते. हातात दुधाची पिशवी. इनेसने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

आणि मी, दुर्गा विजयकर, जिने साहेबाच्या तोंडावर त्याच्या चुका दाखवल्या आहेत, गप्प राहिले. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आत्ता बोलून काय उपयोग, उगाच गर्दी जमेल. खरं कारण एवढंच की आजूबाजूला चार कोळणी बसल्या होत्या आणि तीस वर्षांची बाजारातली माझी पत मला सांभाळायची होती. इनेसने पाचशेची नोट काढून पुढे केली. रखमाने ती तिच्या हातात परत कोंबली. भीक मागायला बसले न्हाय, म्हणाली.

दुसऱ्या दिवसापर्यंत वाडीभर झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रितीने इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की हे लोक डॉलर घेऊन येतात आणि आपल्या गरिबांशी दहा-दहा रुपयांसाठी भांडतात. खाली कोणी अंगठे टाकले, कोणी रागाचे चेहरे. मी अर्धा तास फोन हातात धरून बसले आणि शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याचा अर्थ काय, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या चित्राची मला आजही लाज वाटते.

इनेसने मला दोष दिला नाही. मी रात्री जेवताना म्हटलं, मी तुला सांगायला हवं होतं गं. तर म्हणाली, मावशी, मीच विचारायला हवं होतं, ऐंशी का म्हणाली ते. आणि भात वाढून घेतला. विषय संपला, असं मला वाटलं, आणि मला तसंच हवं होतं.

तिच्या दृष्टीने संपला नव्हता. तिचं म्हणणं असं की तिने रखमाचा एक दिवस घेतला, तो परत द्यायचा. पैसे देऊन घेतले नाहीत, तर दुसऱ्या रीतीने. मग तिचं सुरू झालं. एक दिवसाआड सकाळी साडेसातला गल्लीच्या तोंडाशी जायचं आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर थांबायचं. दुसऱ्या कोणाची भवानी होईपर्यंत हलायचं नाही. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. भवानी झाली की पुढे व्हायचं, रखमा सांगेल तो भाव न बोलता द्यायचा, मासे घ्यायचे, नमस्कार करायचा, पिशवी वर आणून मला द्यायची आणि बस पकडायची. रखमा रागाने भाव सांगायची. मांदेलीचे दोनशे, बांगड्याचे तीनशे. इनेस द्यायची. रखमा पैसे घ्यायची आणि तोंड फिरवायची.

मी खिडकीतून पाहायचे. सात मजले खाली ती पायरीवर उभी, वर्गाची बॅग पोटाशी धरलेली, येणारे-जाणारे बघताहेत, कोणी कुजबुजतंय. मला वाटायचं, चार दिवसांत कंटाळेल. ती सात आठवडे उभी राहिली. मी आयुष्यात एवढी जिद्दी माणसं फार थोडी पाहिली आहेत, आणि त्यातली कोणी इतक्या शांतपणे जिद्दी नव्हती. मला तिचा अभिमान वाटायचा आणि तरी मी खिडकीतून मागे सरकायचे, कारण त्या पायरीवर खरं तर मी उभी असायला हवी होते.

पैशांचं काय होत असेल ते मी विचारलं नाही. अकरावा महिना लागला. एक दिवस आमच्या इमारतीचे सेक्रेटरी अजित लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, तुमची पेइंग गेस्ट व्यायामाची फार शौकीन दिसते, काल संध्याकाळी लालबागच्या पुलाखाली चालताना दिसली, परवा भायखळ्याला दिसली. मी हो हो म्हटलं. घरी येऊन तिच्या खोलीतल्या टेबलावर नजर टाकली. बसचा पास दहा दिवसांपूर्वी संपला होता. पोरगी सकाळी तेवढं तिकीट काढून जायची आणि संध्याकाळी दादरहून गिरगावात चालत येत होती. परळ, लालबाग, भायखळा, दोन तास, रोज. आणि सकाळच्या घाईत ती विसरलेला डबा उघडून पाहिला तर आत नुसता भात आणि मीठ लावलेली काकडी. मासे ती मला खायला घालत होती. तळून माझ्या ताटात, स्वतःला एक. मी म्हणायचे, घे गं अजून. ती म्हणायची, सकाळीच पोट भरलं.

ती आली तशी मी तिला बसवलं आणि सरळ विचारलं. किती उरलेत? तिने लपवलं नाही. पगाराला आठ दिवस होते आणि तिच्याकडे सहाशे दहा रुपये होते. मी पाकीट काढलं. तिने माझा हात धरला आणि पाकीट मिटलं. आईकडून घेणं आणि माझ्याकडून घेणं तिच्या लेखी सारखंच होतं. मग मी चिडले. म्हटलं, तू त्या दिवशी माझं नाव का सांगितलं नाहीस? सांगितलं असतंस तर रखमाने मला चार शिव्या घातल्या असत्या आणि तिथेच मिटलं असतं. हे उपाशी राहणं, हे चालणं, कशाला?

तिने पाय पाण्यात सोडले होते, टाचांना फोड आले होते. पायांकडे बघतच ती बोलली.

"मावशी, कदाचित मी पुढच्या महिन्यात परत जाईन. मी गेले की माझी चूक माझ्याबरोबर जाईल. तुम्हाला इथेच राहायचंय. रखमाबाईंकडूनच मासे घ्यायचेत."

हिच्याकडे स्वतःचं म्हणून या शहरात काय होतं? एक खोली, तीही भाड्याची, आठ दिवसांनी मुदत संपणारी. आणि तिने माझी बाजारातली पत वाचवली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग तोंड धुऊन डाळ फोडणीला टाकली. जेवायला तिला माझ्यासमोर बसवलं आणि ताट रिकामं होईपर्यंत उठू दिलं नाही. एवढं तिने ऐकलं.

सकाळी सव्वासातला मी गल्लीच्या तोंडाशी हजर. इनेस अजून आंघोळीला होती. रखमा टॅक्सीतून पाटी उतरवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, आज सूर्य पच्चीमेला उगवला काय. मी म्हटलं, रखमा, मला बोलायचंय. शेजारच्या कोळणी माना वळवून बघायला लागल्या. बघू देत म्हटलं.

मी सांगितलं. पाठ फिरवायला इनेसला मी शिकवलं. निम्मा भाव सांगायला मी शिकवलं. भवानीचं सांगायचं मी विसरले. त्या दिवशी मी तिथेच उभी होते आणि माझं तोंड उघडलं नाही. हे सगळं मी मोठ्याने सांगितलं, मागच्या कोळणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

रखमा मासे मांडत राहिली. पापलेट एका बाजूला, बांगडे एका बाजूला, मांदेलीचे वाटे पुढे. मग म्हणाली, "मना ठाव होतं. तुमच्याकडं ऱ्हाते ती. दुसरं कोन शिकवनार तिला?"

मी म्हटलं, मग इतके दिवस तिच्याकडून दुप्पट का घेतलेस?

"राग होता," रखमा म्हणाली. "पयल्या आठवड्यात तिच्यावर होता. मंग तुमच्यावर. मी वाट बघत होती, दोघींतली कोन पयली बोलते. ती येते, उभी ऱ्हाते, पैसे टाकते आनि जाते. एकदा पन तुमचं नाव घेतलं न्हाय. मी दोनदा परत इचारलं, तरी न्हाय. मंग मलाच झोप येईना."

तिने पाटीवर पाणी शिंपडलं. तोवर बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ पिशवी घेऊन पुढे झाले आणि पापलेटला हात घालू लागले. रखमाने त्यांचा हात बाजूला केला. म्हणाली, जरा थांबा, माझं भवानीचं गिऱ्हाईक यायचंय.

इनेस आली. नेहमीप्रमाणे बंद दुकानाच्या पायरीकडे निघाली, मला पाटीजवळ बघून थबकली. रखमाने हाक मारली. त्या हाकेला ती आधी वळलीच नाही, दुसऱ्या कोणाला असेल असं वाटून. दुसऱ्यांदा नाव घेऊन हाक मारली तेव्हा आली. रखमाने मांदेलीचा मोठा वाटा केळीच्या पानावर ठेवला, त्यावर आणखी मूठभर टाकली.

"भवानी कर," ती म्हणाली. "काय द्यायचं ते तू दे."

इनेसने माझ्याकडे पाहिलं. मी मांदेलीकडे बघत राहिले, माझं शिकवून झालं होतं. तिने पर्समध्ये हात घातला. तिथे किती होते ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, वीस देईल, पन्नास देईल, रखमा घेईलच. तिने ऐंशी रुपये मोजून काढले. त्या मंगळवारी मागितलेले ऐंशी. तिने ते दोन्ही हातांनी पुढे केले. रखमाने नोटा कपाळाला लावल्या, पाटीवरून ओवाळल्या, कनवटीला खोचल्या. मागच्या एका कोळणीने मान हलवली. गृहस्थ पापलेट पापलेट करत होते, त्यांना रखमा म्हणाली, हां, आता बोला.

रखमाने त्यांना पापलेट दिलं, त्यांच्यामागच्या बाईला करंदी दिली आणि मग मला विचारलं, तुमाला काय? मी चार बांगडे दाखवले. तिने चारशे सांगितले. चार बांगड्यांचे चारशे, तेही माझ्या तोंडावर. मी चारशे दिले. रखमाने ते मोजले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. मलाही आवरेना.

आम्ही निघालो. इनेसला बसची वेळ झाली होती, ती मासे माझ्या हातात देत होती, इतक्यात मागून रखमाचा आवाज आला. "उद्या बी ये गो. साडेसात वाजता. तुझी भवानी झाल्याबिगर मी कुनाला माल देनार न्हाय."

इनेस रस्त्याच्या मधे उभी राहिली. मागून स्कूटरवाला भोंगा वाजवत होता. मी तिचा दंड धरून तिला कडेला ओढलं. तिचे डोळे भरून आले होते.

"मावशी," तिने विचारलं, "नवा करार करायला किती दिवस लागतात?"

मी म्हटलं, सगळे कागद असले तर चार. आणि ती धावत बस पकडायला गेली.